उरसाच्या पत्रिकेतले शब्द : कव्वाली, कौल, नात, हाल

प्रश्न (विजापूर वेस, सोलापूर) : उरसाची मराठी पत्रिका छापायला टाकायची आहे. मजकुरात ‘रात्री ९ वाजता नात व कव्वाली गायन’ असं आहे. मुद्रित वाचणाऱ्यांना ‘नात गायन’ खटकतंय. नेमकं काय चुकतं? आणि ‘कव्वाली’त दोन ‘व’ हवेतच का?

उत्तर (बाळीवेस) : हवेत. एखादं काम धंदा म्हणून करणाऱ्याचं नाव घडवताना अरबीत धातूतलं मधलं अक्षर दुहेरी होतं. ओझं वाहणारा हम्माल, सौदा जुळवणारा दल्लाल, नाणं पारखणारा सर्राफ आणि ‘कौल’ म्हणणारा कव्वाल. पहिल्या तिघांची जोडाक्षरं मराठीच्या तोंडी झिजली आणि हमाल, दलाल, सराफ झाले. कव्वालाचं शाबूत राहिलं, म्हणून ‘कवाली’ नको. नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) मात्र मराठीत देऊ नका.

‘कौल’ म्हणजे उच्चारलेला शब्द, वचन. कौलनामा, देवाला कौल लावणं, मतदारांचा कौल, सगळीकडे हाच शब्द. (छपरावरचं कौल वेगळं.) चिश्ती या सूफी परंपरेच्या मैफलीत ‘कौल’ हा गाण्याचा ठरलेला प्रकारही आहे. त्यात ‘मन कुन्तो मौला’, म्हणजे ‘मी ज्याचा मौला, त्याचा अली मौला’, हे पैगंबरांचं वचन बांधलेलं असतं. ही बांधणी परंपरेने अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांची मानतात.

उत्तर (लष्कर) : आता ‘नात’. अल्लाहची स्तुती ती हम्द, पैगंबरांची ती नात, हजरत अली किंवा वलींची (सूफी संतांची) ती मन्कबत. नात ‘पढतात’, आणि म्हणणारा नातख्वाँ. ती बहुधा वाद्यांशिवायच असते, फार तर दफ (डफ). कव्वालीला पेटी, ढोलक किंवा तबला आणि साथीदारांच्या टाळ्या लागतात. चिश्ती सिलसिल्याला (गुरुपरंपरेला) ‘समा’, म्हणजे भक्तिसंगीत ऐकण्याची मैफल, मान्य आहे, नक्शबंदी ही दुसरी सूफी परंपरा ती साधारणपणे टाळते, आणि कित्येक उलेमांना (धर्मपंडितांना) वाद्यंच मंजूर नाहीत. म्हणून नातेला ‘गायन’ म्हटलं की पढणाऱ्याच्या मनाला लागतं, आणि ते योग्यच आहे. कुराणाच्या तिलावतीला (पठणाला) तर ‘गायन’ कधीच लावू नये.

मराठीत पर्याय तयार आहे : ‘पठण’. ‘पढना’ आणि ‘पठण’ एकाच मुळाचे. बोलताना ‘नात म्हटली’ उत्तम, आपण आरती आणि ओवीही म्हणतोच की. नुसतं ‘नात’ छापलं तर वाचणाऱ्याला आधी मुलाची मुलगी आठवते, म्हणून ‘नातशरीफ’ लिहा.

प्रश्न (विजापूर वेस) : खाली ‘हाल आल्यास गोंधळ करू नये’ अशी सूचना आहे. मराठी वाचकाला हे कळेल?

उत्तर (बाळीवेस) : उलटं कळेल. ‘हाल’ म्हणजे मुळात अवस्था. मराठीत ती फक्त वाईट अवस्था उरली : खायचे हाल, कुत्रं हाल खाईना. शिवाय आपले हाल ‘होतात’, समाच्या मैफलीतला हाल ‘येतो’. तिथे तो ऐकणाऱ्याची तल्लीनता, भान हरपणं. एखाद्या मिसऱ्यावर (शेरातल्या ओळीवर) कुणाला हाल आला की कव्वाल पुढे सरकत नाही, तीच ओळ घोळवत राहतो, लय तुटू देत नाही. हाल ओसरला की पुढची ओळ. दोन ओळींमध्ये दुसरा शेर गुंफला तर ती ‘गिरह’, म्हणजे गाठ. सूचनेत ‘कुणाला तल्लीनता आल्यास’ असं लिहा.

पुरवणी (मुरारजी पेठ) : ‘उरूस’ही पाहा. अरबीत ‘उर्स’ म्हणजे लग्न. वलीचा मृत्यू म्हणजे प्रियतमाशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला हे नाव. आपल्याकडे त्याचा अर्थ जत्रेपर्यंत पसरला. मर्सिया आणि नोहा मोहरमचे, करबलेच्या (हिजरी ६१, इ.स. ६८०) शोकाचे, ते या पत्रिकेत नकोत.

एक जवळचा शब्द सुटू नये : चक्कीनामा. विजापूर भागातल्या सूफींची ही दखनी बोलीतली रचना, दळताना बायकांनी म्हणायची. त्यात जातं म्हणजे देह. उभा खुंटा म्हणजे ‘अलिफ’, अल्लाहच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि मधली खीळ म्हणजे पैगंबर. जात्यावरच्या ओवीची ही सख्खी बहीण. याला ‘कव्वाली’ म्हणू नका. इथे ना पेटी, ना टाळी; जात्याची घरघर हाच ताल.

उत्तर (लष्कर) : मग ओळ अशी छापा : ‘रात्री ९ वा. तिलावत व नातशरीफ पठण. त्यानंतर महफिले-समा (कव्वाली).’