मदत हवी आहे : सान सेबास्तियनच्या पिंचो बारमध्ये कोळंबीची ॲलर्जी कशी सांभाळावी?

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे आणि माझी आई स्पेनमधील सान सेबास्तियनला चार दिवस जाणार आहोत. तेथील जुन्या शहरात एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये जात, माशांचे पिंचो (पावावर मांडलेले किंवा काडीला टोचलेले छोटे छोटे खाद्यपदार्थ) खात आणि उंचावरून ओतली जाणारी, किंचित फसफसणारी चाकोली वाइन पीत संध्याकाळ घालवावी, अशी आईची फार इच्छा आहे.

अडचण अशी, की तिला कोळंबी आणि खेकड्याची तीव्र ॲलर्जी आहे. मासे मात्र ती मनापासून खाते, अलिबागचीच आहे. काडीला ओवलेले हिरवे ऑलिव्ह, व्हिनेगरमधली मिरची आणि खारवलेली अँचोवी असा गिल्दा तिला नक्की आवडेल, कारण अँचोवी म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातली मासळी. परंतु काउंटरवर ताटल्या एकमेकींना खेटून मांडलेल्या असतात आणि कोळंबी उचललेल्या चिमट्यानेच शेजारचा पिंचो उचलला जाऊ शकतो, याची मला धास्ती वाटते. मागच्या प्रवासात एका उपाहारगृहात माशाच्या रश्शात कोळंबीच्या सालींचा अर्क निघाला आणि आम्हाला रात्र रुग्णालयात काढावी लागली.

युरोपीय संघात २०१४ पासून पदार्थांमधील ॲलर्जीकारक अशा १४ घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे, हे मला ठाऊक आहे. गर्दीच्या वेळी ती प्रत्यक्षात कशी मिळवावी? स्पॅनिशमधील ‘मारिस्को’ या शब्दात कोळंबी-खेकड्यांबरोबर शिंपलेही येतात, म्हणून ‘क्रुस्तासेओस’ (फक्त कोळंबी-खेकडा वर्ग) म्हणणे अधिक योग्य ठरेल का? मागणीनुसार ताजे पिंचो करून देणारे आणि आईला बसायला जागा असलेले बार कोणी अनुभवाने सुचवू शकेल का?