पाण्यात पळणं की जमिनीवर? अनुभव लिहा

गुडघा कुरकुरायला लागलाय म्हणून सध्या रस्ता बंद, पाण्यात पळतेय. दम चांगलाच लागतो पण घड्याळात हृदयाचे ठोके बघितले की वाटतं काही केलंच नाही. दोन्ही केलेल्यांनी लिहा ना, फिटनेस टिकतो का खरंच?

*

ठोक्यांचं मनावर घेऊ नका. पाण्याच्या दाबाने पायातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, एकेका ठोक्यात जास्त रक्त जातं, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला ठोके मिनिटाला साधारण १०-१५ कमीच दिसतात. मी बोलता येतंय की धाप लागलीय एवढंच बघते.

*

पोटरी दुखावली होती तेव्हा कंबरेला फ्लोट बेल्ट बांधून खोल पाण्यात पळायचो, पाय तळाला टेकतच नाहीत. सुरुवातीला सगळेच पुढे झुकून अर्धवट पोहायला लागतात, कोच काठावरून ओरडायचा "छाती वर, गुडघा उचल, मूठ वळ, हाताने पाणी ओढू नको!" नीट जमलं की मांड्या अशा भरून येतात की बस. पाणी हवेच्या ८०० पट दाट, वेग दुप्पट केला तर अडवणूक चौपट, त्यामुळे इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश) एक नंबर होतात. पण कंटाळा!! जीव तोडून पळायचं आणि समोरची फरशी तीच.

रस्त्यावर परत आलो तर दम शाबूत, पोटऱ्या मात्र पहिल्याच दिवशी दगड. पाण्यात पाऊल आपटतच नाही ना, मग ती सवय मोडते. थोडं चाल थोडं पळ करत वाढवा.

*

+१. आमच्या आईला संधिवात आहे, ती छातीएवढ्या पाण्यात पळते (हो, पळते!), तिथे पायांवर वजन जेमतेम एक तृतीयांश येतं, कंबरेएवढ्यात निम्मं. तळाच्या फरशीने तळवे सोलवटतात, पाण्यातले बूट घ्याच.

*

हाडांचं कुणीच बोललं नाही. माझी हाडं ठिसूळ होतायत, डॉक्टर म्हणाले नुसत्या पाण्यावर राहू नका, हाडाला भार लागतो. म्हणून जिने आणि वजनं चालू ठेवलीत. आणि पाण्यातही घाम येतो बरं का, कळत नाही एवढंच, बाटली काठावर ठेवा.

*

धन्यवाद मंडळी, घड्याळ उद्यापासून बॅगेत. बेल्ट किती घट्ट बांधायचा?

*

पोटभर श्वास घेता आला पाहिजे, पण बेल्ट बगलेपर्यंत सरकता कामा नये.