मदत हवी आहे : फेटलिंगमधली धूळ नेमकी कुठे मोजायची?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीला आहे. कामगार दीडशेच्या आत, वेगळा सेफ्टी ऑफिसर नाही, म्हणून चार महिन्यांपासून ते कामही माझ्याच गळ्यात पडलंय. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

अडचण फेटलिंगची आहे. कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि कडेचा फ्लॅश (जादा धातू) हँड ग्राइंडरने घासून काढायचं हे काम. दोन पाळ्यांत मिळून बावीस जण, सगळे ठेकेदाराचे. आमची ग्रीन सँड, साच्याची वाळू, म्हणजे मुळात सिलिका वाळूच, त्यामुळे त्या काळ्या धुळीत क्वार्ट्झ (सिलिकाचे स्फटिक, फुफ्फुसाला घातक) असणार हे उघड आहे.

दर सहा महिन्यांनी बाहेरची लॅब येऊन हवा तपासते. या वेळी मी मुद्दाम सोबत थांबलो. त्यांनी शटरजवळ ते कपाटाएवढं यंत्र उभं केलं, प्रदूषण मंडळाच्या रिपोर्टसाठी आवारात ठेवतात तेच, आणि चहाला गेले. शटर उघडं, वारा सरळ आत. रिपोर्ट आला : पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतची धूळ), मर्यादेत. त्याच दिवशी पाळी सुटताना एका फेटलरने नाक शिंकरलं आणि रुमाल माझ्यापुढे धरला. "साहेब, ह्यो बघा आमचा रिपोर्ट." काळा गाळ नुसता.

मालकांकडे डस्ट कलेक्टर (धूळ ओढून घेणारं यंत्र) मागितला की ते लॅबचा कागद पुढे करतात. एन-९५ मास्क दिलेत, पण अकरा वाजले की उकाड्याने ते हनुवटीखाली येतात. मला तीन गोष्टी हव्यात : माणसाच्या श्वासातली धूळ मोजतात कशी, मर्यादा कोणती धरायची, आणि कलेक्टर येईपर्यंत काय करू? शिवाय पंधरा वर्षं फेटलिंग केलेल्या एकाला खोकला आहे. गावच्या डॉक्टरांनी थुंकी न तपासताच टीबीचं औषध सुरू केलंय. हे यातलंच असेल का?

प्रतिसाद १

तुमच्या लॅबने आवाराची हवा मोजली. ते यंत्र मिनिटाला हजार लिटरच्या वर हवा ओढतं, आणि पीएम १० ची मर्यादा वस्तीतल्या हवेसाठी आहे. ती फेटलरला लावण्यात अर्थ नाही.

माणसासाठी कमरेला छोटा पंप, नळी खांद्यावरून आणि फिल्टर कॉलरला, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत. फिल्टरच्या आधी सायक्लोन हवाच, म्हणजे जाड वाळू खाली पडते आणि फुफ्फुसात खोल जाणारी, साधारण ४ मायक्रॉनच्या आसपासची धूळच फिल्टरवर बसते. नायलॉनचा सायक्लोन असेल तर प्रवाह मिनिटाला १.७ लिटर. तो पाळीच्या आधी आणि नंतर तपासून लिहा. अख्खी पाळी मोजा. आणि काढताना सायक्लोन उलटा करू नका, तळाची वाळू फिल्टरवर सांडते आणि दिवस वाया जातो (माझे दोन गेलेत).

हिशेब असा. ४८० मिनिटं गुणिले १.७ म्हणजे ८१६ लिटर, म्हणजे ०.८१६ घनमीटर. समजा फिल्टरचं वजन ०.९ मिलिग्रॅमने वाढलं, तर घनमीटरला १.१ मिलिग्रॅम. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं (त्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेने घेतली) सूत्र : १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). धुळीत १२ टक्के क्वार्ट्झ निघालं तर मर्यादा ०.७१. म्हणजे तुम्ही बाहेर. अमेरिकेने २०१६ मध्ये शुद्ध क्वार्ट्झसाठीच ०.०५ ठरवली. तुमचं क्वार्ट्झ (१.१ चे १२ टक्के) ०.१३ येतं, अडीच पटीहून जास्त.

क्वार्ट्झची टक्केवारी नुसत्या वजनावरून कळत नाही, एक्स-रे डिफ्रॅक्शन किंवा इन्फ्रारेडवर तपासावी लागते. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे विचारा.

प्रतिसाद २

पंप येईल तेव्हा येईल, उद्यापासून हवा मारणं बंद करा. पाळी संपली की एअर होजने कपडे झटकतात ना? दिवसभर खाली बसलेली धूळ त्या दोन मिनिटांत परत नाकाशी येते. कोरडा झाडूही बंद. पेडेस्टल फॅन कुठे तोंड करून आहे तेही बघा. आमच्याकडे पहिल्याची धूळ दुसऱ्याला आणि दुसऱ्याची तिसऱ्याला जायची. तिसरा बिचारा नवीन होता म्हणून बोलायचा नाही.

कलेक्टरचा हूड, म्हणजे धूळ ओढणारं तोंड, जॉबला चिकटून हवा. तोंडाच्या व्यासाएवढं अंतर पडलं की ओढ जेमतेम दहा टक्के उरते. छतापाशी लावलेला हूड इन्स्पेक्शनच्या फोटोपुरता.

प्रतिसाद ३

खोकल्याबद्दल : औषध आपल्या मनाने बंद करू नका. थुंकीची तपासणी लगेच करून घ्या. सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) असलेल्याला टीबी होण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे दोन्ही एकत्रही असू शकतं. छातीच्या डॉक्टरकडे जाताना काय काम, किती वर्षं, कोणती वाळू, हे चिठ्ठीवर लिहून द्या. रुग्ण नुसतं "कंपनीत आहे" म्हणतो. सिलिकोसिस कळवणं कायद्याने बंधनकारक असलेला आजार आहे, निदान झालं तर डॉक्टरांनी कारखाना निरीक्षकांना कळवायला हवं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. होज कुलपात ठेवलाय, शिव्या खातोय. मालकांना तो ०.७१ चा हिशेब दाखवला. तीन जणांचं सॅम्पलिंग करायला हो म्हणालेत. रुमालवाला पंप लावायला तयार आहे, फक्त "ह्ये डबडं घिऊन जेवायला बसू का?" एवढं विचारलं. बसायचं ना? आणि मोजणीच्या दिवशी ठेकेदार मुद्दाम लहान जॉब देईल, त्याचं काय करू?

प्रतिसाद १

जेवताना पंप काढून बंद करा आणि ती वेळ लिहा. ठेकेदारासाठी शीटवर जॉबचं नाव, नग आणि ग्राइंडर किती वेळ चालला ते लिहून त्याची सही घ्या. तीन वेगळे वार निवडा, आणि त्याला आधी सांगू नका.