ओव्हरडोसला मराठीत काय लिहायचं? (आणि गर्दुल्ला, टर्की, ओएसटी)

शब्दवेडी:
वस्तीत वाटायला एक पत्रक लिहितेय, गर्द आणि दुखण्याच्या गोळ्यांच्या व्यसनाबद्दल. ओपिऑइडला 'अफूजन्य' चालेल का? ओव्हरडोसला 'अतिमात्रा' लिहू? आणि 'गर्दुल्ला' ठेवू की नको?

माटुंगावाला:
अफूजन्य नको. गर्द म्हणजे हेरॉइन, ते अफूपासून येतं हे बरोबर, पण ट्रॅमाडॉल, फेंटानिल लॅबमध्ये बनतात, फक्त अंगावर काम तसंच करतात. 'अफूवर्गीय' म्हणा आणि पुढे लगेच ओळखीची नावं द्या.

सावली_पुणे:
मी याच क्षेत्रात समाजसेविका आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'अतिमात्रा' शब्द चुकीचा नाही पण ज्याच्यासमोर सख्खा भाऊ पडलाय त्याला त्यातून काहीच कळत नाही हो. ओव्हरडोसच लिहा, लोक ओडी पण म्हणतात, आणि खाली खुणा द्या: हाक मारून, हलवून जागा होत नाही, श्वास अगदी हळू किंवा थांबून थांबून, घोरल्यासारखा आवाज, ओठ-नखं निळसर, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी. १०८ ला फोन लावा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. 'झोपू दे, उतरेल' म्हणून सोडलेली माणसं गेलीयेत.

लोक ओडी आणि टर्की यांची गल्लत करतात तेही लिहा. टर्की म्हणजे माल न मिळाल्यावरचा त्रास, नाक गळणं, हातपाय ठणकणं, जुलाब. ओडीत माणूस शांत होत जातो, तिथेच धोका. आणि जास्त धोका कुणाला, तर जो व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा जेलमधून नुकताच सुटून आलाय त्याला, कारण अंगाची सवय मोडलेली असते आणि तो जुन्याच डोसवर जातो. हे घरच्यांना कुणी सांगतच नाही, त्यांना वाटतं सुटून आला, झालं.

माटुंगावाला:
नालोक्सोनला काही मराठी शब्द?

सावली_पुणे:
नाही, नावच ठेवा. ओडी उतरवणारं औषध. काही मिनिटांत श्वास परत येतो पण असर साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि माल अंगात असतोच, म्हणून शुद्ध आली तरी हॉस्पिटलला न्यायचं, हे ठळक अक्षरात छापा.

गर्दुल्ला काढून टाका. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते या गर्दच्या लाटेमुळेच, तेव्हापासून लोक बरे होताना दिसतायत, पण या शब्दाने माणूस आधीच गेल्यात जमा होतो, मग त्याच्यासाठी १०८ ला फोन कोण करणार? 'गर्द घेणारा' लिहा, नाहीतर सरळ पेशंट.

शब्दवेडी:
खूप मदत झाली ताई! ओएसटीला (ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी, म्हणजे गर्दऐवजी देखरेखीखाली औषध देणं) 'पर्यायी उपचार' लिहू का?

सावली_पुणे:
चालेल, पण समजावून लिहा की ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रात जिभेखाली ठेवून देतात किंवा मेथाडोन देतात, त्याने टर्की येत नाही, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ शकतो. आपल्या 'व्यसनमुक्ती' शब्दात सगळं सोडलं तरच मुक्ती असं बसलंय, त्यामुळे गोळीवर असलेल्याला घरचे 'अजून व्यसनीच' म्हणतात आणि तो गोळी बंद करून पुन्हा गर्दकडे वळतो. डायबेटिसवाल्याला इन्सुलिन सोड म्हणतो का आपण?

शब्दवेडी:
मग शीर्षकात व्यसनमुक्तीऐवजी 'गर्द आणि ओव्हरडोस: जीव कसा वाचवायचा' टाकते. मसुदा उद्या इथेच लावते, बघाल ना?

सावली_पुणे:
नक्की. १०८ नंबर मोठा आणि वरच्या बाजूला घ्या.