मदत हवी आहे: नॉइज लावला की क्वांटम मॉडेलला ३ आणि ६ सारखेच दिसतात

नमस्कार मंडळी, नागपुरात एमएस्सी फिजिक्स करून राहिले, शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट क्वांटम कॉम्प्युटरवर इमेज ओळखायचा, एमनिस्ट या हाताने लिहिलेल्या अंकांच्या डेटासेटमधले ३ आणि ६ वेगळे करायचे, बस. इमेज २८ बाय २८ म्हणजे ७८४ पिक्सेल, शून्य भरून १०२४ केले, अॅम्प्लिट्यूड एन्कोडिंगने (प्रत्येक पिक्सेल क्वांटम स्टेटच्या एका गुणांकात) १० क्युबिटमध्ये, म्हणजे क्वांटम बिटमध्ये, बसवले (२ चा १० वा घात १०२४), वर रोटेशन (एक क्युबिट फिरवणारं गेट) आणि सीनॉटचे (दोन क्युबिट जोडणारं गेट) थर, शेवटी दहाही क्युबिटची पॅरिटी (१ किती आले, सम की विषम). किस्किट या क्वांटम लायब्ररीच्या साध्या सिम्युलेटरवर झकास चालून राहिलं, पण खऱ्या मशीनसारख्या गेट आणि मोजणीच्या चुका घालणारं नॉइज मॉडेल लावलं की काहीही दाखवा, उत्तर म्हणजे नाणेफेक. लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) जागचा हलत नाही. १०२४ शॉट (तेच सर्किट पुन्हा पुन्हा चालवून मोजणं) होते, ते वाढवून पाहिले, लॅपटॉप नुसता तापला (त्यात मे महिना, कूलर समोर ठेवूनही), फरक शून्य. काऊन होऊन राहिलं हे? गाईड म्हणतात पिक्सेल कमी करायचे नाहीत.

प्रतिसाद १:
ताई, शॉटने हे जाणार नाही. १०२४ शॉटला उत्तर साधारण ०.०३ ने इकडेतिकडे होतं, शॉट वाढवले की तेवढं कमी होईल, पण गेटने बिघडवलेली स्टेट बिघडलेलीच राहते. १० क्युबिट कमी वाटतात, पण त्यात इमेज भरायलाच नेहमीच्या पद्धतीने १०२२ सीनॉट लागतात. प्रत्येकी १ टक्का चूक धरा आणि ०.९९ चा हजारावा घात काढा, ०.००००४ च्या आसपास येतो. मॉडेल शिकायच्या आधीच इमेज गेली. वर खऱ्या चिपवर क्युबिट सगळे एकमेकांना जोडलेले नसतात, स्वॅप (दोन क्युबिटची अदलाबदल) घालावे लागतात, एक स्वॅप म्हणजे ३ सीनॉट. ट्रान्स्पाइल करून (सर्किट चिपच्या गेटमध्ये बदलून) डेप्थ, म्हणजे एकामागून एक गेटचे थर किती ते, छापा आणि गाईडना तीच दाखवा. ४ बाय ४ केलं तर ४ क्युबिट, १४ सीनॉट.

प्रतिसाद २:
४ बाय ४ काळं-पांढरं केलं की काही ३ आणि काही ६ हुबेहूब एकच होतात, ते आधी काढून टाका. आणि पॅरिटी सोडा, एकाच क्युबिटचा झेड (तो ० आला की १) मोजा. सगळे एकत्र मोजले की ग्रेडियंट (लॉस कुठल्या दिशेने कमी होतो ते) सपाट, यालाच बॅरन प्लेटो म्हणतात, त्यावरचा सेरेझो वगैरेंचा २०२१ चा पेपर वाचा.

मूळ धागाकर्ती:
धन्यवाद दोघांना. पण १६ पिक्सेलवर नेहमीच्या कॉम्प्युटरवरचं साधं लॉजिस्टिक रिग्रेशनपण चालेल ना, मग परीक्षक म्हणतील क्वांटमने केलं काय?

प्रतिसाद १:
म्हणतीलच. त्याच १६ आकड्यांवर लॉजिस्टिक स्वतःच चालवून रिझल्ट शेजारी ठेवा, बहुतेक तेच पुढे असेल, असू द्या. प्रोजेक्ट नॉइजवर वळवा, गेटची चूक ०.१ टक्क्यापासून वाढवत न्या आणि अॅक्युरसी कुठे कोसळते त्याचा ग्राफ काढा. रीडआउट एरर (शेवटी क्युबिट मोजतानाची चूक) वेगळा चालू-बंद करून बघा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.