मदत हवी आहे: सँडर फळीवर गोल ओरखडे पाडतोय

नमस्कार मंडळी. माझा 5 इंची रँडम ऑर्बिटल सँडर (खालच्या गोल फिरत्या पॅडला सँडपेपर लावून लाकूड घासायचं मशीन) आठवडाभर फळीवर बारीक गोल ओरखडे पाडतोय. कोरड्या लाकडावर कळत नाही, पण पॉलिशचा पहिला हात मारला की डुकराच्या शेपटीसारखी वेटोळी उठून दिसतात. टेबलाचा वरचा भाग आहे, म्हणून फार जीव तुटतो.

120 नंबरचा नवा पेपर लावला, त्याची भोकं पॅडच्या भोकांशी जुळवली, धुळीची पिशवी रिकामी केली. हातही हलकाच ठेवतो. तरी फरक नाही.

एक गोष्ट मात्र खटकतेय. मशीन लाकडावरून उचललं की पॅड भणाणून फिरतं, पूर्वी संथ फिरायचं. प्लग काढून पॅड उघडलं, तर त्याला ब्रेक लावणारी मागची रबरी रिंग एका बाजूने झिजून चकचकीत झालीय. बेअरिंग हाताने फिरवलं तर खरखर नाही.

नुसती रिंग बदलून भागेल, की पॅडही बदलावं? पेपर चिकटवायच्या वेल्क्रोच्या कडा जरा वितळल्यात. आणि हे ओरखडे घालवायला परत 80 नंबरच्या, जास्त खरखरीत पेपरपासून सुरुवात करू, की 120 पुरेल? ज्यांनी स्वतः रिंग बदललीय त्यांनी कृपया सांगा.