अनुभव धागा: अकोले तालुका, गडांच्या पायथ्याशी

आजोळकरीण

कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, सांदण दरी, भंडारदरा ही नावं एका दमात घेणारे खूप भेटतात. हे सगळं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एकट्या अकोले तालुक्यात येतं म्हटलं की त्यांच्या भुवया वर जातात. तालुका तसा दोन तोंडांचा आहे. पूर्वेला अकोले गावात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक खूश. पश्चिमेला, पन्नास-साठ किलोमीटरवरच्या घाटघरात तोच आकडा पाच हजारांच्या घरात जातो. इकडे ऊस आणि डाळिंब, तिकडे भातखाचरं, नागली, वरई.

मला धागा हवाय तो पश्चिमेच्या डोंगरपट्ट्याचा. ‘पहाटे निघालो, अमुक वाजता माथा गाठला’ छापाचे वृत्तांत ढिगानं आहेत, ते नकोत. कुणाच्या पडवीत झोपलात, ताटात काय होतं, कुठल्या जत्रेत सापडलात ते लिहा. गावच्या मंडळींनी तर लिहाच.

सुरुवात माझ्यापासून. आजोळ राजूरकडचं. आषाढात मामाकडं गेलं की पाहुणी म्हणून बसवून ठेवत नाहीत, आवणीला, म्हणजे भातलावणीला उतरवतात. शेण, डहाळ्या, पालापाचोळा पसरून उन्हाळ्यात भाजलेला राब असतो, त्यात पहिल्या पावसाला धान पेरलेलं असतं. ते रोप उपटायचं, मुळांची माती पाण्यात झटकायची, मुठी बांधायच्या आणि चिखलणी झालेल्या खाचरात भिरकवायच्या. मग बायकांची रांग मागं मागं सरकत लावत जाते. माझी ओळ कायम वाकडी. मामी तोंडानं काही बोलत नाही, माझी दोन-चार रोपं उपटून सरळ करते, की झालं.

औताला डांगी बैल, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. दिवसभर धो धो पावसात उभे असतात पण कुडकुडत नाहीत. कातडीच तेलकट, त्यामुळं पाणी वरच्या वर ओघळतं. पाठीवरून हात फिरवला की तळव्याला तो ओशटपणा लागतो आणि संध्याकाळपर्यंत जात नाही. आज आमचं खाचर, उद्या शेजारचं, अशी सावड चालते. दुपारी बांधावर नागलीची भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि आदल्या रात्री ओढ्यात धरलेल्या खेकड्यांचं कालवण.

त्याच वेळी वरच्या रस्त्यानं भंडारदऱ्याकडं गाड्यांची रांग लागलेली असते. कुणीतरी काच खाली करून आमचा फोटो काढतं आणि पुढं जातं.

कसारा लोकल

मी पक्का मुंबईकर. लोकलनं कसारा, तिथून जीपमध्ये कोंबून घेऊन घोटीमार्गे पायथ्याचं बारी गाव, आणि उजाडायच्या आत कळसूबाई चढायला सुरुवात. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, एवढंच तोंडपाठ होतं. एकदा नवरात्रात गेलो आणि सगळा हिशोबच बदलला. वाटेवर ट्रेकर चिमूटभर, बाकी सगळी जत्रा. कडेवर पोरं, डोक्यावर पाट्या, हातात नारळ.

लोखंडी शिडीवर माझ्यापुढं एक आजी होत्या. लुगड्याचा काष्टा, पाय अनवाणी, काखेत ओटीची पिशवी. मी दोन्ही हातांनी कठडा आवळून, माझे बूट चार आकडी किमतीचे. आजी एका हातानं पिशवी सांभाळत तरातरा वर. पुढच्या टप्प्यावर दम खायला बसलो तेव्हा त्यांनी कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू एका घरी कामाला राहिली. अट एवढीच, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरात पाहुण्यांची वर्दळ झाली आणि घरच्यांनी भांडी तिच्यापुढं टाकली. तिनं ती घासली, उठली आणि डोंगरावर निघून गेली ती कायमची. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. गोष्ट संपवून आजी म्हणाल्या, “नाय करणार म्हणली व्हती ना? मग!”

माथ्यावरचं देऊळ एवढंसं आहे की दोन-तीन माणसं आत बसली की भरलं. त्या दिवशी माझा नंबर लागला तेव्हा आत त्याच आजी ओटी भरत होत्या. मला पाहून सरकल्या, “ये, मावशील” म्हणाल्या.

बारीतला

आजी आमच्याच गावच्या असतील किंवा पलीकडच्या, त्या वयाच्या सगळ्या तशाच चढतात. बाईला मंगळवार-गुरुवारीही लोक जातात, नवरात्राचीच वाट बघत नाहीत.

एक सांगायचंय. वर पाण्याची बाटली खालच्यापेक्षा महाग का, म्हणून दर शनिवारी कुणीतरी हुज्जत घालतं. भाऊ, ती बाटली कुणाच्या तरी डोक्यावरून आली आहे. लिंबू, साखर, गॅसची टाकी, भज्याचं पीठ, सगळं पाठीवरून. आमची आई पहाटे पहिली खेप टाकते आणि तुम्ही शिडीपाशी पोचता तोवर तिचा कांदा चिरून झालेला असतो. रिकामी बाटली तेवढी खाली न्या, ती आणायला वेगळी खेप नका करायला लावू.

पानफुटी

माझं वेड झाडोऱ्याचं, त्यामुळं मी गडांपेक्षा उतारावर जास्त रेंगाळते. भाद्रपदात पाऊस जरा उघडला की कळसूबाईच्या अंगावर सोनकी आणि तेरडा, पिवळा-गुलाबी असा थर. पायथ्याच्या वरकस जमिनीत मात्र दुसरा पिवळा दिसतो, तो खुरासणीचा. बहुतेक पर्यटक त्यालाही रानफूल समजून त्यात आडवे पडून फोटो काढतात. ते पीक आहे! त्याच्या तेलावर घर चालतं.

कारवीची गोष्ट निराळी. सात वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा अख्खा उतार जांभळा होतो, मग बी धरून झुडूप मरतं. माणसं फुलोऱ्याचं साल शोधत येतात. मला मात्र कारवी खरी दिसली ती साम्रद गावात एका घरात. काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधून, त्यावर शेणमातीचा लेप देऊन कुड केलेला. एका कोपऱ्यात लेप पडला होता तिथून कारवीची गाठाळ काठी दिसत होती. घरमालक म्हणाले, भिंत श्वास घेते, पत्र्याच्या घरात गुदमरायला होतं. त्यांच्या मुलानं मागच्या अंगाला सिमेंटची खोली काढली आहे. दुपारी झोपायला सगळे पुढच्या कुडाच्या घरातच येतात.

रात्रपाळी

काजव्यांवर कुणीतरी बोलायलाच हवं. मेअखेर ते जूनचा मध्य, पावसाच्या अलीकडं-पलीकडं हा त्यांचा काळ. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारोंनी बसतात आणि एकदम लुकलुकतात. नर मादीला खुणावतात, त्यासाठीच सगळी रोषणाई. पंख फुटल्यावर त्यांच्या हातात थोडे दिवस असतात. त्या थोड्या दिवसांत आपण काय करतो? हेडलाइट लावून झाडाखाली गाडी, मोबाईलचे टॉर्च, गाणी. उजेडात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही, म्हणजे पुढची पिढीच खुंटते. शिवाय अळ्या जमिनीवर, ओल्या पाल्यात वाढतात, गोगलगायी खातात. त्यावरूनच गाड्या फिरवायच्या.

मागं एका शनिवारी भंडारदऱ्याच्या रिंगरोडवर रात्री अशी कोंडी झाली की काजव्यांपेक्षा ब्रेकलाइट जास्त लुकलुकत होते. माझं मत विचाराल तर हे काही वर्षं पूर्ण बंद करावं.

चूल आणि पडवी

तुमचं दुखणं खरं आहे. पण बंद करा म्हणणं सोपं. माझं घर पुरुषवाडीच्या बाजूला. जून म्हणजे आमचा खर्चाचा महिना. बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं, सगळं एकदम, आणि हातात आवक शून्य. काजवे बघायला येणाऱ्यांच्या दोन वेळच्या जेवणावर माझं ते निघतं. ह्याआधी मी त्यासाठी सावकाराकडं जायचे.

आमच्या वाडीत नियम केलेत. गाडी गावाबाहेर. तिथून चालत, गावातला पोरगा बरोबर. बॅटरी बंद. त्यानं सांगितलं तिथंच उभं राहायचं. कुणी ऐकत नसेल तर पोरगा सगळ्यांना घेऊन सरळ माघारी येतो, पैसे परत देऊन. असं झालंय. ज्यांना रस्त्यावरून फुकटात बघायचं असतं तेच गोंधळ घालतात, आणि त्यांचा एक रुपया गावात पडत नाही.

आणि ताई, आवणीच्या आठवड्यात मात्र आमच्याकडं येऊ नका. भाकऱ्या थापायला घरात कोणी नसतं.

रात्रपाळी

पटलं. ‘रस्त्यावरून बघणं बंद करा’ अशी माझी दुरुस्ती.

झेडपीचे गुरुजी

नोकरीची बरीच वर्षं डोंगराकडच्या शाळांत गेली. पाहुण्यांना दिसत नाही ते म्हणजे बोहाडा. चैत्र-वैशाखात, पिकं घरात आल्यावर आणि पावसाच्या आधी, रात्री गावदेवीपुढं सोंगं नाचतात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, शेवटी देवी. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे, कोणता कुणाच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. माझ्या वर्गातला एक पोरगा फळ्यापुढं उभा केला की घामाघूम व्हायचा. त्याच्या घराकडं नरसिंहाचं सोंग. संबळ आणि पिपाणी सुरू झाली, टेंभ्याच्या उजेडात तो मुखवटा घालून अंगणात आला आणि मी पहिल्या रांगेतून दोन पावलं मागं सरलो. मुखवट्याला आत फक्त डोळ्यांची भोकं, वजन मानेवर आणि दातात धरलेल्या पट्टीवर. नाच संपल्यावर त्याच्या हनुवटीवर त्या पट्टीचा लाल वळ होता. दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा फळ्यापुढं गप्प. मी त्याला परत कधी उभं केलं नाही.

आणखी दोन गोष्टी, मुलांना सहलीला आणणाऱ्या शिक्षकांसाठी. देवगाव हे राघोजी भांगऱ्यांचं गाव. इंग्रज आणि सावकारांविरुद्ध उठलेला हा महादेव कोळी वीर, त्याला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आणि कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण गावरान बियाण्यांची बँक उभी करून पद्मश्री झाल्या. काळभात, रायभोग, जिरवेल ही भाताच्या वाणांची नावं आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती, ती पोरांना त्यांच्या ओसरीवर कळली. नुसतं भंडारदऱ्याचं धरण दाखवून सहल परत नेऊ नका. तेही बघण्यासारखं आहेच, १९२६ साली पुरं झालेलं दगडी काम आहे, पण त्याला तासभर पुरतो.

जुनी वही

हरिश्चंद्रगडावर मी पूर्वी खिरेश्वरकडून, तोलारखिंडीतून जायचो. आता गुडघे पाचनईचीच वाट मागतात. केदारेश्वराच्या गुहेतलं गार पाणी, चार खांबांतला उरलेला एकच खांब, चांगदेवांनी इथं ‘तत्त्वसार’ लिहिला वगैरे सगळ्यांना माहीत आहे. मी इंद्रवज्राबद्दल लिहितो.

श्रावणातली सकाळ. कोकणकड्यावर ऊन पाठीशी, समोर दरीत धुकं भरलेलं. अचानक धुक्यावर एक लहानसं गोल इंद्रधनुष्य उमटलं, पूर्ण वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध माझी सावली. हात हलवला, सावलीनं हलवला. शेजारी मित्र उभा होता, त्याला त्याच्या वर्तुळात तोच दिसत होता, मी नाही. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सनं १८३५ साली इथंच हे पाहिल्याची नोंद आहे. मी आरडाओरडा करून आमच्या पाचनईच्या वाटाड्याला बोलावलं. त्यानं आडवं पडूनच एक डोळा उघडला, “दिसलं का? बरं झालं, आता कडेपासून मागं या” म्हणाला, आणि परत घोंगडीत शिरला.

रतनवाडीचा

वर सगळे पावसाचं लिहितायत, मी दिवाळीनंतरचं लिहितो. मी रतनगड आणि सांदणला लोकांना घेऊन जातो. पावसात सांदणला पाणी असतं, तेव्हा बंद. आमचा धंदा खरा सुरू होतो नोव्हेंबरपासून. रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात बसून वारा खाणारे, अमृतेश्वराच्या देवळाशी तंबू मागणारे, सगळे तेव्हाच येतात. आणि विचारतात, गावात म्हातारी माणसंच का दिसतात?

कारण भात झोडून झालं की तरणी माणसं नारायणगाव, ओतूर, संगमनेरकडं मजुरीला जातात. कांदे लावायला, टोमॅटो तोडायला. पोरांना आजीपाशी ठेवून. ट्रेकरचा हंगाम तो आमच्या गावाचा रिकामा हंगाम. मी वाटाड्या झालो म्हणून गावात राहिलो. माझ्या बरोबरीचे फार थोडे राहिले.

गाव भरलेलं बघायचं असेल तर वाघबारशीला या, वसुबारसेच्याच दिवशी. गुराखी वाघोबाच्या ठाण्याशी जमतात, शेंदूर लावतात, दूध-तांदूळ गोळा करून तिथंच खीर शिजते. एका पोराला वाघ करायचं, एकाला अस्वल, एकाला कोल्हा. त्यांना दरडावून विचारायचं की आमच्या शिवारात येणार का, आणि ‘नाही’ म्हणवून घेऊन पळवून लावायचं. मी लहानपणी अस्वल होतो. वाघ व्हायला रांग असते, अस्वलाला कुणी तयार नसतं.

आजोळकरीण

अस्वलाचं वाचून मामाला फोन केला. तो म्हणतो, त्याच्या वेळी कोल्ह्याला खीर जास्त मिळायची, म्हणून तो दरवर्षी कोल्हा.

व्यक्तिगत निरोपांत दोघांनी विचारलंय म्हणून इथंच लिहिते. बोहाड्याची तारीख गावोगाव वेगळी असते आणि गावकी ठरवते, आधी कळत नाही. राजूर किंवा शेंडीच्या चहाच्या टपरीवर चैत्रात विचारा, कुणीतरी सांगतंच. डांगी जनावरं एकत्र बघायची असतील तर राजूरचं प्रदर्शन थंडीत भरतं. अकोल्याहून राजूर, शेंडी एसटी आहे, पुढं घाटघर, साम्रदकडं गाड्या कमी. शेवटची गाडी चुकली तर ‘चूल आणि पडवी’ताईंसारखं घर शोधा, पण आधी फोन करून. पुढचा अनुभव कुणाचा?